ताण उतरायला रात्र हवी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये ताणमुक्तीची व्याख्याने होतात. हेतू चांगलाच असतो. पण ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला बदलापूरहून साडेसहाची गाडी धरणाऱ्या माणसाच्या काय कामाचा? ताण घ्यायचा की नाही, हे त्याच्या हातात नसते. मनोविकारांच्या क्षेत्रात काम करणारे म्हणून आम्हाला ठामपणे सांगायचे आहे ते असे : ताण हा आजार नव्हे. तो उतरायला रोज पुरेसा वेळ मिळाला नाही, की आजाराला वाट मिळते. तो उतरतो मुख्यतः झोपेत, आणि या शहरात सर्वांत आधी कात्री लागते ती झोपेलाच.

संकट जाणवले की मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. निरोगी शरीरात ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. महिनोन्‌महिने ताण राहिला आणि झोप तुटकी झाली की ही चढउतार बिघडते. मेंदूच्या ज्या भागाने ‘आता पुरे’ म्हणून हे चक्र थांबवायचे, तोच भाग जास्तीच्या कॉर्टिसॉलने दुबळा होतो. झोप अपुरी असली की भीतीचे केंद्र जास्त भडकते आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणून क्षुल्लक कारणावरून खेकसणे, छातीत धडधड, मग कशातच मन न लागणे. आनुवंशिकता, बालपणातले आघात, व्यसन यांचाही वाटा असतो. त्यामुळे एकाच कचेरीतल्या एकाच कामाने एक जण आजारी पडतो, दुसरा नाही. यात कोणाचे मन ‘कमकुवत’ असण्याचा प्रश्न येत नाही.

आता झोपेचा हिशेब पाहा. घरी परत यायला रात्रीचे नऊ, जेवायला दहा, मग मोबाइल, डोळा लागायला बारा आणि पाचला गजर. पाच तास. प्रौढ माणसाला किमान सात लागतात. उरलेले दोन तास एकदम मिळणार नाहीत, पण एक तास बहुतेक घरांत काढता येतो.

त्यासाठी आधी दोन आठवडे वहीत फक्त तीन गोष्टी लिहाव्यात : अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ, उठलो ती वेळ, शेवटचा चहा किती वाजता. मग उठण्याची वेळ पक्की करायची. सगळे झोपण्याची वेळ ठरवायला जातात आणि तिथेच फसतात, कारण झोप हुकमाने येत नाही. उठणे मात्र आपल्या हातात असते. रविवारी फार तर तासभर उशिरा उठावे. अकरापर्यंत लोळले की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ आठवड्यातली सर्वांत वाईट ठरते. सकाळच्या गाडीत वीस मिनिटे डुलकी लागली तर बिघडत नाही. संध्याकाळी सीएसएमटी ते कल्याण तासभर झोप काढली, तर मात्र ती रात्रीच्या झोपेतून वजा होते. वीसेक मिनिटे होऊनही झोप लागली नाही तर अंथरुणातून उठावे आणि मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, पण मोरीच्या बाजूला किंवा गॅलरीत खुर्ची टाकून बसणे पुरते. अंथरुणात तळमळण्याची सवय मेंदूला लागू देऊ नये.

डोक्यात चक्र फिरत राहत असेल, तर जेवणाआधी पंधरा मिनिटे काळजी लिहायला ठेवावीत. हप्ता, आईचा एमआरआय, मुलीची फी, जे असेल ते एका बाजूला आणि समोर पुढचे छोटे पाऊल : कोणाला फोन करायचा, कोणत्या दिवशी. ज्यावर काहीच करता येत नाही, त्यापुढे तसे लिहावे. हे अंथरुणात पडून करू नये. तिथे चिंता वाढते, उपाय सुचत नाही.

घरात सर्वांत कमी झोप बहुधा बाईची असते, आणि हा मुद्दा व्याख्यानांत क्वचित येतो. रात्री ओटा आवरून सगळ्यांत शेवटी ती झोपते आणि डब्यांसाठी साडेचारला उठते. भाजी रात्री चिरून ठेवणे, कणीक मळणे, पाणी भरणे ही कामे नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी घेतली तर तिला पाऊण तास मिळतो. आमच्या मते नैराश्य टाळण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय घरात नाही. बाळंतिणीच्या बाबतीत तर बाळाला सांभाळण्याची रात्रीची एक पाळी दुसऱ्या कोणीतरी घेणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

चहा-कॉफीतले कॅफिन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या कटिंगचा निम्मा अंमल रात्री अकरालाही असतो. शेवटचा चहा चारच्या आत. झोपेसाठी दारू घेणाऱ्यांना डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप तुटते आणि सकाळी घालमेल वाढलेली असते. ती शमवायला संध्याकाळी पुन्हा पेला, असे हे चक्र. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली अल्प्राझोलाम! चिंता शमवणारी, गुंगी आणणारी ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे, एवढ्यासाठीच योग्य. पुढे सवय लागते, डोस वाढतो आणि एकदम बंद केल्यास फिटही येऊ शकते. जे आधीच घेत आहेत त्यांनी स्वतःहून थांबवू नये. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

ज्यांच्या घरी स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) किंवा बायपोलरचा (उदासी आणि उन्माद यांच्या लाटा येणारा आजार) रुग्ण आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. हे आजार केवळ ताणाने होत नाहीत, पण ताणाने उलटतात, म्हणजे बरे वाटू लागल्यावर पुन्हा उफाळतात. बायपोलरमध्ये दोन-तीन रात्रींची जागरणेही उन्मादाचा झटका आणू शकतात. घरातले लग्न, गणपती, रात्रपाळी यांचे नियोजन त्यानुसार व्हावे. १९७०च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसले, की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याची अतिकाळजी केली जाते तिथे आजार अधिक वेळा उलटतो, आणि अशा माणसांसोबत आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला तर धोका आणखी वाढतो. दहा बाय दहाच्या खोलीत ३५ तास तीन दिवसांतच भरतात. म्हणून रुग्णाने रोज दोन-तीन तास घराबाहेर, वाचनालयात, बागेत, एखाद्या पुनर्वसन केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात हलक्या कामावर घालवावेत. ‘आळशी झालास’ म्हणण्याऐवजी ‘नऊला आंघोळ, साडेनऊला नाश्ता’ असे एका वेळी एक काम सांगावे. कामातली मंदगती हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो.

एवढे करूनही दवाखान्यात कधी जावे? उदासी किंवा कशातच रस नसणे, यांपैकी एक दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधी भावना अशा तक्रारी असतील, तर वाट पाहू नये. पुष्कळांची सुरुवात अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, छातीतल्या धडधडीने होते. ईसीजी ‘नॉर्मल’ आला की विषय संपतो. तो संपवू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावे आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीव, कूपर आणि भायखळ्याचे जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. सोबत घरचे माणूस आणि जुने कागद न्यावेत. त्रास कधीपासून, किती तास झोप, कोणत्या गोळ्या, दारू-तंबाखू किती, घरात पूर्वी कोणाला, हे लिहून नेले तर गर्दीतल्या पाच मिनिटांचाही उपयोग होतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यात येते. तेवढ्यात बरेच जण औषध सोडतात. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने ते चालू ठेवावे लागते.

मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचा नियम लागू नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणूस बोलू लागतो. गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात ठेवाव्यात, माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

कचेऱ्यांनी व्याख्यानाचा खर्च वेळापत्रकावर करावा. काम खूप आणि ते कसे, केव्हा करायचे यावर स्वतःचा ताबा नाही, ही जोडी सर्वाधिक घातक असल्याचे १९७९पासून मांडले जात आहे. पाळ्यांचे पत्रक दोन आठवडे आधी लावावे, दोन पाळ्यांत किमान अकरा तासांचे अंतर ठेवावे, पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवाव्यात आणि रात्री नवानंतरचा संदेश सकाळी वाचला तरी चालेल, असे लेखी कळवावे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा देणे बंधनकारक केले आहे. कर्मचाऱ्यांची पॉलिसी घेताना ती तरतूद आणि तपासणीच्या फीचा समावेश, दोन्ही पाहून घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा. ‘कामाच्या ताणातून आत्महत्या’ असे एककारणी मथळे टाळावेत, पद्धत आणि जागा छापू नये. भारतीय वृत्तपत्र परिषदेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. अशा प्रत्येक बातमीखाली, त्याच पानावर, ठळक टाइपात १४४१६ हा क्रमांक छापावा.

– मानसिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते, परळ, मुंबई