पावसात पन्हाळा ते पावनखिंड

नागपूर, २६ जून

प्रिय सुध्या,

ट्रेकसाठी केलेली तुझी सामानाची यादी पाहिली. निम्मं सामान कोरडं राहण्यासाठी आहे, आणि तेच जमणार नाही गड्या. जुलैत मसाई पठारावर आडवा पाऊस लागला की चांगलं जॅकेटही काही तासांत हार खातं. नाही खाल्ली, तर चढावर घामानं आतून भिजशील. तेव्हा चालताना ओलं असायचंच. फक्त अंग गार पडू द्यायचं नाही आणि झोपायचे कपडे भिजू द्यायचे नाहीत.

सॅकच्या रेनकव्हरवर भरवसा नको. पाठीकडची बाजू उघडीच असते. मानेवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं आणि तळाशी साचतं. आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी घाल, सामान तिच्यात भर आणि तोंड पिळून, दुमडून बांध. रात्रीचा जोड, मोजे आणि पांघरूण आणखी एका पिशवीत, सगळ्यात खाली. साधा गारठा लागला म्हणून वाटेत ती उघडायची नाही, कुणी थरथरू लागलं तरच. तंबू घरीच ठेव. वाटेवरच्या करपेवाडीत कुणाच्या तरी घरी मुक्काम होतो, आणि भिजलेला तंबू उगाच किलोभर जड होतो.

जीन्स काहून लिहिलीस बे? सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळत नाही, मांड्या सोलवटतात. पातळ नायलॉनची पॅन्ट, पॉलिस्टरचा टीशर्ट. थांबलास की लगेच अंगात घालायला एक फ्लीस, म्हणजे हलकं ऊबदार जॅकेट.

बुटांचं मात्र नीट ऐक. वॉटरप्रूफ बूट या वाटेवर उलटे पडतात. ओढ्यात पाणी वरून आत जातं आणि बाहेर पडत नाही. जाळीचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घे, पाणी आपोआप निथळतं. पावलं दिवसभर भिजली की कातडी पांढरी, मऊ पडते आणि बोटांमध्ये, टाचेवर फोड येतात. सकाळी निघताना बोटांमध्ये पेट्रोलियम जेली चोळ. दुपारी मोजे काढून पिळ, पाय पुसून पाच मिनिटं उघडे ठेव. मुक्कामी पोचल्यावर पाय पूर्ण कोरडे कर, कोरडे मोजे घाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलेच मोजे चढवायचे. जिवावर येतं, पण कोरडा जोड रात्रीसाठीच.

शेवाळलेल्या कातळापेक्षा चिखल बरा. कातळावर पाऊल सपाट टाक, टाच रोवू नकोस. उतारावर काठीचा आधार पुढच्या पावलाच्या आधी.

ओढे वरच्या पावसावर फुगतात, तुझ्या डोक्यावरचा पाऊस थांबला म्हणून ओढा उतरत नाही. पाणी गढूळ, वेगात आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांब. तास-दोन तासांत बहुतेकदा उतरतं. ओढा ओलांडायचाच झाला तर रुंद, उथळ जागा शोध, कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेव म्हणजे पडलास तर सॅक टाकता येईल, आणि तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून आडवं सरक.

आपल्याकडच्या पावसात उकडतं, म्हणून थंडीचा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. वाऱ्यात, ओल्या कपड्यांत १८-२० अंशांतही अंग गार पडतं. सोबतचा थरथरू लागला, जीभ अडखळली, बोटांनी बंदही सुटेना, तर चालणं थांबवून आडोसा गाठा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाजा. पावसात कुणी खायला थांबत नाही आणि तिथंच अंगातली ऊब संपते. कमरेच्या खिशात चिक्की, शेंगदाणे, खजूर ठेव, दर तासाला घासभर.

फोन दुहेरी झिप-पिशवीत. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, म्हणून खोतवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी ही वाटेवरची नावं कागदावर लिहून घे. वाट विचारायला तीच उपयोगी पडतात.

महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या आदल्या दिवशीच नागपूरला ये. प्लास्टिक आणि मोजे बर्डीत घेऊ. मग भरलेली सॅक पाठीवर घेऊन सेमिनरी हिल्सवर दोन तास चालू, पाऊस असला तर उत्तमच. खांद्याचा पट्टा कुठं काचतो ते इथंच कळेल.

तुझा,
विनू