बाबांच्या अर्ध्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, सूर्यावर वादळं झाली की हिवाळा बदलतो का, हा तुमचा प्रश्न परवा फोनवर अर्धाच राहिला. माझं रोजचं काम त्याच विषयातलं, म्हणून सावकाश लिहिते.

सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांच्या फेऱ्यात वाढतात, ओसरतात. तेवढ्यात आपल्याला मिळणारी एकूण ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का बदलते. अतिनील किरणांतला काही भाग मात्र कित्येक टक्के बदलतो. ते किरण ओझोन शोषतो, त्यामुळे विषुववृत्ताकडची उंचावरची हवा जास्त तापते. ध्रुवावर हिवाळ्यात रात्रच असते. दोन्हीकडच्या तापमानातला हा फरक वाढला की ध्रुवाभोवती फिरणारा वाऱ्यांचा भोवरा बळावतो आणि थंडी त्यात कोंडून राहते. भोवरा मोडला, की ती दक्षिणेकडे सांडते.

सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या चुंबकीय वादळांची वाट वेगळी, आणि माझा जीव तिच्यातच जास्त गुंतलाय. ध्रुवांवर उतरणारे वेगवान कण खूप उंचावर नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करतात. उन्हात ती लवकर मोडतात. ध्रुवीय रात्रीत ऊनच नसतं, म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकतात, भोवऱ्याच्या आतून खाली उतरतात आणि ओझोन नष्ट करतात. 2003 च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळांत उपग्रहांनी हे प्रत्यक्ष टिपलं. शिवाय या कणांचा जोर बहुधा डाग ओसरू लागल्यावर वाढतो, म्हणून नुसते डाग मोजून भागत नाही.

तुम्ही पाठवलेला ‘सूर्य झोपला, आता हिमयुग’ हा मेसेज मात्र कुणाला पुढे पाठवू नका. 2009-10 मध्ये सूर्य अगदी शांत होता आणि उत्तर युरोप गारठला, हे खरं. पण त्याच हिवाळ्यात एल निनोही होता. सूर्य पारडं थोडंसं झुकवतो, एवढंच. 1987 मध्ये बर्लिनच्या हवामानशास्त्रज्ञ कारिन लाबिट्झके यांनी विषुववृत्तावरच्या उंच वाऱ्यांच्या दिशेप्रमाणे हिवाळ्यांचे दोन गट पाडले, तेव्हा कुठे एरवी झाकलेला सूर्याचा ठसा दिसला. हे वारे सुमारे 28 महिन्यांत दिशा बदलून पुन्हा मूळ दिशेला येतात.

आई, ‘मग तुम्ही बघता तरी काय?’ असं तू विचारलंस. 60 अंश उत्तरेला, 30 किलोमीटर उंचीवरचा वारा. तो एरवी पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात मध्येच पूर्वेकडून वाहू लागला, तर भोवरा मोडला. जमिनीवर परिणाम जाणवलाच, तर बहुतेकदा काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी. बाबा, यंदा तो आकडा मी तुम्हाला रोज सकाळी कळवीन, तुम्ही वहीत मांडून ठेवा.

तुमची लेक