सूचना : सॅप पीएममधला (देखभालीच्या कामांची संगणक प्रणाली) प्लॅनर ग्रुप तपासून घ्या

सर्व प्लॅनर व मेंटेनन्स इंजिनीअर मंडळींनो,

गेल्या महिन्यात कूलिंग टॉवरच्या एका पंपाची ग्रीसिंगची ऑर्डर बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याच्या यादीत पडून राहिली. बेअरिंग आवाज करायला लागलं तेव्हा ती सापडली. पंपाच्या इक्विपमेंट मास्टरमध्ये, म्हणजे मूळ नोंदीत, प्लॅनर ग्रुप (कामाचं नियोजन करणाऱ्यांचा कोड) नवा होता, पण मेंटेनन्स आयटममध्ये, म्हणजे ठरावीक देखभालीच्या कामाच्या नोंदीत, जुनाच तीन अक्षरी कोड! इक्विपमेंटमध्ये बदल केला म्हणून आधीच तयार असलेले आयटम आपोआप बदलत नाहीत. नेमकी इथेच गफलत होते.

म्हणून या शनिवारपर्यंत आयपी१७ (आयटमची यादी बदलण्याचा सॅपमधला ट्रान्झॅक्शन कोड) मध्ये आपापल्या सेक्शनचे आयटम काढून जुने कोड दुरुस्त करा. आधीच निघालेल्या ऑर्डर आयडब्ल्यू३८ (ऑर्डरची यादी बदलण्याचा कोड) मधून वेगळ्या बदलाव्या लागतील, तेवढं विसरू नका.

आणखी एक. प्लॅनर ग्रुप म्हणजे कामाचं नियोजन कोणाकडे, आणि मेन वर्क सेंटर म्हणजे ते पार पाडण्याची जबाबदारी कोणत्या टीमची. दोन्हीकडे सरसकट एकच नाव भरू नका, कृपया. इलेक्ट्रिकलच्या मोटारी मेकॅनिकलच्या नावावर दिसतात, त्या याचमुळे.

रजेवर जाणाऱ्यांनी आपली यादी कोण बघणार, ते आधी सगळ्यांना कळवावं.