वीस आणि पन्नास वर्षांच्या मधल्या गाड्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या, स्क्रॅप पॉलिसी, आरटीओची फी असं काही पेपरात आलं की मी सगळ्यात आधी तेच वाचतो, कारण आमच्या बिल्डिंगखाली स्टिल्टमध्ये माझी एक जुनी गाडी उभी आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ची, एमएच ०४ पासिंग. १.८ लिटरचं टर्बो (म्हणजे जादा हवा आत कोंबणारा पंखा असलेलं) पेट्रोल इंजिन, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच समजा), पाच गिअर. युरोपात हीच गाडी १८० पीएसची होती, आपल्याकडे १५०ची आली, पण त्या काळात मारुती ८०० ला ३७ची पॉवर असायची हे लक्षात घ्या म्हणजे १५० म्हणजे काय होतं ते कळेल. दिसायला साधी फॅमिली सेदान, मागे डिकी एवढी मोठी की गणपतीला कोकणात जाताना चार माणसांचं सामान आरामात बसतं, आणि पायाखाली ही ताकद. शिवाय ती कुठल्या परदेशातून उतरवलेली नाही, आपल्याच औरंगाबादजवळच्या कारखान्यात जुळवलेली आहे.

२०१८ मध्ये मी ती थर्ड ओनर म्हणून एक लाख चाळीस हजारांना घेतली. त्यानंतर आजपर्यंत तिच्यावर तीन लाख ऐंशी हजार खर्च झाला. हा आकडा अंदाजे नाही, आमच्या हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की घ्यायची तर घ्या पण एक वही करा आणि प्रत्येक बिल त्यात लिहा, ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहितोय. आज गाडी विकायला काढली तर दोन लाखसुद्धा कोणी देईल असं वाटत नाही. म्हणजे हिशोबाने हा व्यवहार तोट्याचाच आहे आणि जो कोणी सांगेल की जुनी गाडी रिस्टोअर करून पैसे सुटतात त्याच्यावर विश्वास ठेवू नका, निदान या वयाच्या गाडीत तरी नाही सुटत.

सगळ्यात जास्त मनस्ताप पहिल्या वर्षी झाला. गाडी ओढायची नाही, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की मागून काळा धूर, शहरात अॅव्हरेज सहा. एका मोठ्या, चकाचक गॅरेजमध्ये नेली (नाव लिहीत नाही), तिथे एसीत बसवून कॉफी दिली आणि सांगितलं टर्बो गेलाय. बासष्ट हजार घेतले, टर्बो बदलला, आणि आठवड्याने तोच धूर परत! पुन्हा गेलो तर म्हणाले आता इंजिन खोलावं लागेल, एक लाखाच्या आसपास धरून चला. त्या दिवशी घरी येताना कापूरबावडीच्या सिग्नलला खरंच वाटलं की जाऊ दे, देऊन टाकू भंगारात.

मग ऑफिसमधल्या एकाने वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिककाकांचा पत्ता दिला. छोटा गाळा, बाहेर बोर्ड पण नाही. काकांनी बॉनेट उघडलंच नाही आधी, मला म्हणाले साहेब जरा रेस करा, आणि मागे जाऊन सायलेन्सरजवळ उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "धूर काळा आहे, निळा असता तर टर्बोचा विचार केला असता. हा पेट्रोलचा धूर आहे, ऑइलचा नाही." मग त्यांनी एक स्मोक मशीन लावलं, म्हणजे इंजिनच्या हवेच्या पाइपात बाहेरून धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, रबरी पाइपाला खालच्या बाजूने उभी चीर होती, हाताला लागत होती पण दिसत नव्हती. सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि तेवढ्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं, पण मोजलेली हवा वाटेतच चिरेतून बाहेर, मग पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. शिवाय इंजिनच्या मागचा ब्रीदरचा (इंजिनात कोंडलेल्या वायूला वाट देणारा) पाइप उन्हातल्या पापडासारखा कडक होऊन तुटला होता, तिथून उलट न मोजलेली हवा आत जायची म्हणून आयडलिंगला गाडी वर-खाली व्हायची. ते दोन आणि आसपासचे सगळे छोटे व्हॅक्यूम पाइप मिळून एकोणीस हजारात काम झालं. आधी काढलेला टर्बो मी डिकीत ठेवला होता, तो काकांनी तपासून घेतला तर त्यात काही दोषच नव्हता, तो आज माझ्याकडे स्पेअर म्हणून आहे.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की अशा गाडीचा खरा खर्च पार्टचा नसतो, चुकीच्या निदानाचा असतो. बासष्ट हजार आणि एकोणीस हजार, वहीत एकाखाली एक लिहिलेत. मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर.

बाकीची बिलं अपेक्षित होती. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र अठ्ठावीस हजार, आणि हे काम पुढे ढकलायचं नाहीच कारण या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग इंजिनच जातं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो म्हणून तो पण सोबत बदलायचा. क्लच अडतीस. सस्पेंशनचे बुश, लोअर आर्म, शॉकअप मिळून पंचावन्न, घोडबंदर रोडच्या कृपेने त्यातले दोन बुश परत एकदा. टिंकर आणि पेंट पंच्याऐंशी हजार. पत्रा मात्र चांगला निघाला, या गाडीचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड असतो म्हणून ठाण्याचे एवढे पावसाळे खाऊन पण दरवाज्याच्या खालच्या कडा शाबूत होत्या.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच निघाला. मागच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं, कुबट वास. काच बदलली, रबर बदललं, काही फरक नाही. शेवटी मुलीने शोधून काढलं की काचेवरून पाणी दरवाज्याच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं, पण आतल्या प्लेटचं सील वयाने सुटलं की ते पाणी केबिनमध्ये येतं. दरवाज्याचे पॅड काढून आम्ही दोघांनी दोन रविवारी चारही दरवाजे सील केले, खर्च साडेसातशे रुपये. मुलगी तेव्हा दहावीत होती, आता मेकॅनिकल डिप्लोमा करतेय, आणि लॅपटॉपला केबल लावून गाडीचे एरर कोड ती वाचते, मी नुसता टॉर्च धरतो. वहीत या गोष्टीचा रकाना नाही पण मला विचाराल तर तीन लाख ऐंशीच्या समोर पहिली जमा हीच आहे.

दुसरी जमा पहाटेची. हिवाळ्यात रविवारी पाचला निघायचं, कल्याण, मुरबाड करत माळशेजकडे, टोकावड्याच्या पुढे रस्ता रिकामा असतो. तीन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो पाठीवर हात ठेवल्यासारखा ढकलतो, स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, मोबाइलसारखा स्क्रीन नाही, पिं पिं करणारं काही नाही. वेगाचं म्हणाल तर मी तो मर्यादेतच ठेवतो, घाटात तर चाळीसलाच मजा असते. ती गाडी पुन्हा जशी कारखान्यातून निघाली असेल तशी चालतेय आणि त्यात आपला हात आहे, हे समाधान मला नव्या गाडीच्या शोरूममध्ये मिळालं नसतं. अनेकांनी सांगितलं रीमॅप करून घे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घे, दोनशेच्या वर पॉवर जाईल. केलं नाही. वीस वर्षांच्या गिअरबॉक्सवर आणि क्लचवर तो भार टाकायचा नाही, आणि मुळात कंपनीने दिलेल्या रूपात बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे, ती मला मान्य आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

२०१९ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. पाच वर्षांनी २०२४ मध्ये तीच ५,००० झाली, कारण एप्रिल २०२२ पासून केंद्राने ती वाढवली होती. आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० आहे, म्हणजे २०२९ मध्ये मी पुढचं नूतनीकरण करायला जाईन तेव्हा निदान एवढे भरावेच लागतील, पर्यावरण कर वेगळा. पैसे भरायला माझी ना नाही. दहा हजार म्हणजे एका चांगल्या टायरचे पैसे. पण ही फी गाडीची अवस्था बघून लागत नाही, जन्मसाल बघून लागते, हे पटत नाही. माझ्या शेजारी सात वर्षांची एक डिझेल गाडी उभी असते, चालू झाली की पूर्ण स्टिल्ट काळा होतो, तिला हा नियम शिवत पण नाही. आणि माझ्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी होते, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे, गेल्या तीन वेळा आकडा ०.२ च्या आतच आलाय. नवीन बीएस सिक्स गाडी माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असते हे मला पूर्ण मान्य आहे, वाद त्याचा नाहीच. पण माझी गाडी वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालते, रोज मी लोकलने जातो.

बरं, व्हिंटेज म्हणून वेगळी सोय आहे म्हणावं तर ती २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे. त्यांना वेगळा नंबर, दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन, वीस हजार फी, आणि अट अशी की रोजच्या वापराला काढायची नाही. चांगला नियम आहे. पण मग वीस ते पन्नास या मधल्या तीस वर्षांत गाडी कोण? कायद्याच्या नजरेत ती फक्त जुनी गाडी, जी शक्य तेवढ्या लवकर स्क्रॅप व्हावी. पन्नास वर्षांची गाडी आभाळातून पडत नाही हो, आधी ती कोणीतरी पंचविसाव्या, पस्तिसाव्या वर्षी सांभाळलेली असते! आपल्याकडे २००० च्या आसपास ज्या थोड्याफार जोरकस सेदान आल्या, होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर, फोर्ड आयकॉन १.६, ही ऑक्टाव्हिया, त्यातल्या बऱ्याच कुर्ल्याच्या भंगारात सुट्या होऊन संपल्या. मी स्वतः तिथून दोन विंडो मोटर आणल्यात, आणताना वाईट वाटतं पण त्यावरच माझी गाडी चालते.

इन्शुरन्सचं तेच. पाच वर्षांच्या पुढे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि ग्राहकाने मिळून ठरवायचा असतो, प्रत्यक्षात मला एक लाखाच्या वर कोणी द्यायला तयार नाही, वही दाखवली तरी. म्हणजे उद्या कोणी मागून ठोकली आणि गाडी टोटल लॉस धरली तर सात वर्षांचं काम एका लाखात. परदेशात अशा गाड्यांना आधी किंमत ठरवून पॉलिसी देतात, तसं इथे का नको?

माझी मागणी साधी आहे. वीस वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा. वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, मूळ इंजिन आणि मूळ रूप असल्याची तपासणी करा, पीयूसी हवी तर दर तीन महिन्यांनी करा, ब्रेक आणि लाइट मशीनवर तपासा, आणि त्यात पास होईल तिला राहू द्या, नापास होईल ती खुशाल जाऊ द्या. मी पहिला रांगेत उभा राहीन. आपल्या पेपरने हा प्रश्न परिवहन खात्यापर्यंत न्यावा ही विनंती.

आणि जमलं तर एकदा वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथल्या छोट्या गाळ्यांवर लिहा. काकांनी माझ्या गाडीचा न मिळणारा एक बुश समोरच्या टर्नरकडून लेथवर नायलॉनचा करून घेतला, माप नुसतं बोटाने दाखवून, आणि तो तीन वर्षं झाली तरी टिकलाय. काका आता सदुसष्ट वर्षांचे आहेत, हाताखाली एक पोरगा होता तोही डिलिव्हरीच्या कामाला गेला. धूर काळा की निळा हे बघून सांगणारी माणसं कमी होत चाललीत आणि स्कॅनरवर जे येईल तो पार्ट बदलणारी वाढतायत, याचा त्रास उद्या नव्या गाड्यांच्या मालकांना पण होणारच आहे.

आपला,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)

ता. क. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि २००४ च्या रबरी पाइपांचा त्या हिशोबाने विचार केलेला नव्हता. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे पेट्रोल पाइप इथेनॉलला चालणारे टाकून घ्या, मला सहा हजार लागले. आणि इथेनॉल हवेतली ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात गाडी चार महिने कव्हर घालून ठेवू नका, पंधरा दिवसांनी एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवा.