ती जट नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका परदेशी खेळाडूच्या फोटोखाली ‘जटाधारी’ असं छापलं होतं. गमतीनं लिहिलं असेल. पण न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, “आजी, जट म्हणजे माझ्यासारखे केस?”

जावई आफ्रिकन-अमेरिकन आहेत. त्यांच्या डोक्यावर लॉक्स, म्हणजे मुद्दाम वळून घट्ट होऊ दिलेले केसांचे पीळ, आहेत आणि बाबांसारखेच हवेत म्हणून नातीनंही दीड वर्षापूर्वी सुरू केले.

जट मी लहानपणी जवळून पाहिली आहे. आमच्या वाड्यातल्या एका काकूंच्या केसांत गुंता झाला. सौंदत्तीच्या यल्लम्माची जट म्हणून कुणी फणी लावू देईना. वर हळदकुंकू. उवा, खाज, कुबट वास, ओझ्यानं दुखणारी मान. बऱ्याच वर्षांनी अंनिसच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून ती कापली. काकू कितीतरी वेळ नुसती मान फिरवून बघत होत्या.

नातीचे केस सुरू झाले तेव्हा मी तिकडेच होते. शनिवारी सकाळी जावयांनी शेपटीच्या कंगव्यानं चौकोनी भांग पाडले आणि एकेका चौकोनाला दोन पेडांचा पीळ घातला. दुपारचं जेवण होऊन गेलं तरी मागची बाजू बाकीच होती. पहिले काही महिने डोकं धुतलं की चार पीळ सुटायचे. मग केस मधूनच फुगले, चहूकडे तुसं आली. तेव्हा मी “कापून टाका एकदाचे” म्हणाले होते, हे कबूल करते. वर्षभरानं पीळ आतून घट्ट झाले. रोज गळणारे केसही खाली न पडता त्यातच गुंफले जातात.

दर आठ-दहा दिवसांनी पातळ केलेला शांपू मुळांशी चोळायचा, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, पिळायचं आणि पूर्ण वाळवायचं. आत ओल राहिली तर बुरशीचा वास धरतो. रात्री सॅटिनची टोपी, नाहीतर उशीचा कापूस अडकतो. पाच-सहा आठवड्यांनी मुळाशी वाढलेले केस पुन्हा वळायचे, पण ताणून नाही. सतत ताणले तर कपाळावरचे केस कायमचे जाऊ शकतात. (लाल रिबिनी लावून घट्ट वेण्या घातलेल्या आमच्या पिढीनं आरशात बघावं.) मी मिरजेहून हौसेनं नेलेलं खोबरेल लेकीनं स्वयंपाकघरात ठेवलं. जड तेल आत साचतं आणि धूळ धरतं.

एवढी निगा मी माझ्या केसांची कधी घेतली नाही. आणि आमच्याकडच्या लग्नात बायका नातीचे केस न विचारता चिमटीत धरून “काढणार कधी?” विचारतात.

तिकडेही सुख नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्याच एका शाळकरी कुस्तीगिराला पंचानं लॉक्स कापा, नाहीतर कुस्ती सोडा असं सांगितलं. आखाड्याच्या कडेला सर्वांदेखत ते कात्रीनं कापले गेले, मग तो लढला आणि जिंकला. आम्ही तालमींच्या जिल्ह्यातली माणसं. तो व्हिडिओ माझ्यानं पुरता बघवला नाही. बरोबर वर्षानं त्या राज्यानं केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला.

माझ्या पत्राचा आधार घेऊन कुणी “मग आमच्या बाईची जटही राहू दे” म्हणू नये. काकूंना कुणी विचारलं नव्हतं. नातीनं स्वतः मागितलं, आणि उद्या नको म्हणाली तर कात्री घरात आहे.

तेव्हा फोटोखाली ‘लॉक्स’ असंच छापावं, ही विनंती. नातीचं डोकं येत्या रविवारी मी धुणार आहे. शिकेकाईचा चोथा आत अडकतो, म्हणून ती यंदा डब्यातच राहील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज