बेडरेस्टला तारीख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅन्सर मणक्यात उतरलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर 'बेडरेस्ट' हमखास लिहिलेलं असतं. कधीपर्यंत, ते मात्र नसतं. मग घरचे लोक तो शब्द वेदवाक्यासारखा पाळतात. रेडिएशन संपलेलं, दुखणं उतरलेलं, पाय हलताहेत, तरी माणूस पलंगावरच. दोन-तीन आठवड्यांत मांड्या उतरतात, टाचेला आणि माकडहाडापाशी जखमा होतात, मग खरोखरच उठवत नाही. आणि बोल लागतो तो कॅन्सरला.

सुरुवातीला झोपवून ठेवणं बरोबरच असतं. पोखरलेला मणका वजनाखाली खचला तर मज्जारज्जू दाबला जातो. म्हणून एमआरआय होऊन मणका वजन पेलेल की नाही हे ठरेपर्यंत सपाटच झोपवायचं. त्यासाठी डॉक्टर सहा गोष्टींना गुण देतात: मणका कोणत्या भागातला, हालचालीने दुखतं का, हाड पोखरलं आहे की घट्ट झालं आहे, कण्याची रेष सरकली का, मणका किती खचला, मणक्याचा मागचा भाग आजाराने धरला आहे का. बेरीज ६ पर्यंत असेल तर स्थिर, १३ किंवा जास्त असेल तर अस्थिर, मधल्यांचं ठरवायला स्पाइन सर्जन. ही बेरीज, बेडरेस्ट संपण्याची तारीख आणि ब्रेस (पाठीला आधार देणारं कडक कवच) कधी घालायचा हे सगळं कार्डावर दोन ओळींत मावतं. ते लिहा, एवढीच आमची डॉक्टरांना विनंती आहे.

उठायची परवानगी मिळाली म्हणून लगेच बसवायचं नाही. ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपलेल्या स्थितीपासून ६० अंशांपर्यंत यायला ३ ते ४ तास दिले होते. घरी भाड्याचा फाउलर बेड (डोक्याकडून वर उचलता येणारा हॉस्पिटलचा पलंग) असेल तर डोक्याकडचा भाग थोडा उचलावा, थांबावं, बीपी बघावं, पाय जड झाले का ते विचारावं, मग पुढचा टप्पा. चक्कर आली, घाम फुटला, दुखणं उसळलं किंवा मुंग्या वाढल्या, तर परत सपाट झोपवून डॉक्टरांना फोन. ब्रेस सांगितला असेल तर तो बहुधा झोपलेल्या स्थितीतच चढवायला सांगतात; बसवून चढवला तर तेवढा वेळ मणका आधाराविनाच राहतो. मेडिकलमध्ये मिळणारा कमरेचा पट्टा छातीमागच्या मणक्याला उपयोगाचा नाही, आणि हा आजार जास्त करून तिथेच असतो.

पलंगावरून उतरताना गुडघे दुमडून, खांदा आणि खुबा एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं. पाय कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने रेटा देत उठायचं. मदत करणाऱ्याने हात धरून ओढू नये. त्यात पाठीला पीळ बसतो. वॉकरची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. पुढे दोन चाकं असलेला घ्यावा, म्हणजे दर पावलाला उचलावा लागत नाही. पायाखालची जाणीव गेलेली माणसं पावलांकडे बघत चालतात आणि अंधारात तोल जातो, म्हणून रात्री संडासापर्यंत दिवा चालू हवा. भारतीय संडासात उकिडवं बसणं बंद. वर कमोडचं स्टूल ठेवावं. भरलेली बादली उचलणं, वाकून पायाची बोटं धरणं, मालीश, हाडवैद्य, ट्रॅक्शन (वजन लावून पाठ ताणणं) यांतलं काहीही नको.

व्यायाम साधा: उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा. हे जमेनासं झालं तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडकडेही बघायला हवं. मज्जारज्जूवर दाब आला की हे औषध बहुधा दिवसाला १६ मिलिग्रॅमने सुरू होतं. लांबलं तर मांड्यांचे स्नायू झिजवतं आणि साखर वाढवतं. त्यात खुर्चीतून उठवत नाही, पण पायाची जाणीव आणि लघवी ठीक असते. मात्र अशक्तपणा औषधाचा की मज्जारज्जूवरच्या दाबाचा, हे घरच्यांनी ठरवू नये. औषध डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू उतरवावं, एकदम बंद करू नये.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा काल चालणारा आज पाय ओढायला लागला, तर 'उद्या ओपीडीत दाखवू' नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत. अमेरिकेतला २००५ चा अभ्यास सांगतो की आधीच चालता न येणाऱ्यांपैकी ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेले १६ पैकी १० जण पुन्हा चालले. नुसतं रेडिएशन मिळालेले १६ पैकी ३. पण पाय पूर्ण जाऊन ४८ तासांहून जास्त झालेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

ज्यांचं चालणं परत येणार नाही, त्यांनाही पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकवता येतं. गुळगुळीत लाकडी फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं खुर्चीवर, आणि खुर्चीचे ब्रेक लावलेले. व्हीलचेअर भाड्याने आणण्याआधी बाथरूमचं दार मोजा. ते अनेक घरांत दोन फुटांचं असतं, आणि नेहमीची खुर्ची त्यातून जात नाही.

आपले,
कर्करुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका, पुणे