नाव होडीवरून पुसा, कागदावरून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. त्याच्या आगेमागे होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि त्याच सुमारास जुन्या होड्यांचे बरेच सौदेही होतात. सौदा झाला की प्रश्न येतो नावाचा. बदलावे की नाही, बदलले तर अपशकुन होतो का, आणि बदलायचेच तर कसे? आमच्या मते अपशकुन नाव बदलण्यात नाही, अर्धवट बदलण्यात आहे. या कामात असलेल्या लोकांचे म्हणणे वाचकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

नाव बदलू नये हा समज सगळ्यात पक्का आहे तो युरोप-अमेरिकेतल्या शिडाच्या नौकावाल्यांत. प्रत्येक नौकेचे नाव समुद्रदेवाच्या, म्हणजे ग्रीकांच्या पोसायडनच्या किंवा रोमनांच्या नेपच्यूनच्या वहीत लिहिलेले असते आणि मालकाने परस्पर नाव बदलले तर देवाला ती लबाडी वाटते, असे ते मानतात. म्हणून तिथे दोन वेगळे विधी आहेत: आधी जुने नाव वहीतून काढून घ्यायचे, मग नवे सांगायचे. पहिल्या विधीची तयारी फार कडक असते. मागच्या फळीवरचे नाव तर जातेच, पण लाइफबॉय, लाइफ जॅकेट, किल्लीला लावलेला तरंगता गोळा, चहाचे मग, टॉवेल यांवरचेही नाव शोधून काढावे लागते. हे संपेपर्यंत नव्या नावाची एकही वस्तू नौकेवर आणायची नाही. नवे नाव आधीच रंगवले असेल तर ते कापडाने झाकून ठेवायचे. मग धातूच्या पट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने जुने नाव लिहून ती नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, समुद्रात सोडायची, हे नाव विसरून जा अशी देवाला विनंती करायची आणि शॅम्पेनची निदान अर्धी बाटली पूर्वेकडून पश्चिमेकडे ओतायची. लगेच दुसरा विधी. नवे नाव उच्चारायचे, शॅम्पेन या वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे ओतायची आणि शेवटी उत्तरेच्या बोरियसपासून दक्षिणेच्या नोटसपर्यंत चारही वाऱ्यांना थोडी थोडी द्यायची. फ्रान्सच्या किनाऱ्यावर रीत निराळी आहे. तिथे नौकेमागे पाण्याखालून एक साप चालतो असे मानतात. नौकेने वळणे घेत आपल्याच मागे उठलेल्या पाण्याच्या पट्ट्याला अनेकदा छेद दिला की साप तुटतो आणि मग नवे नाव देता येते.

समुद्रात धातूची पट्टी टाकण्याचे कारण नाही आणि शॅम्पेनचे आपल्याकडे काही काम नाही. पण जुन्या नावाची प्रत्येक खूण होडीवरून काढल्याशिवाय नवे नाव आणायचे नाही, हा त्यातला नियम सोन्यासारखा आहे. तो कोणत्याही देवाच्या भीतीशिवाय पाळावा.

अपशकुनाचा पुरावा म्हणून हटकून 'मेरी सेलेस्त'चे नाव घेतले जाते. १८६१ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात बांधलेले हे जहाज आधी 'अॅमेझॉन' होते आणि नाव बदलल्यावर डिसेंबर १८७२ मध्ये ते अझोर्स आणि पोर्तुगालच्या दरम्यान माणसांविना तरंगताना सापडले. मात्र त्याचा पहिला कप्तान आजारी पडून वारला तो 'अॅमेझॉन' असताना, आणि १८६७ च्या वादळात ते किनाऱ्यावर चढले तेही 'अॅमेझॉन' असताना. म्हणजे जुन्या नावानेही त्याला सांभाळले नव्हते. उलट इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने १५७८ मध्ये भर प्रवासात 'पेलिकन'चे 'गोल्डन हाइंड' केले आणि १५८० मध्ये तो पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परतला. आपल्या नौदलाने तर हा समज कधीच मागे टाकला. 'हर्क्युलिस'ची 'विक्रांत' झाली ती १९६१ मध्ये आणि १९७१ चे युद्ध गाजवून १९९७ मध्ये निवृत्त झाली. 'विराट' तर तिसऱ्या नावाने आपल्याकडे आली: बांधकाम सुरू झाले तेव्हा 'एलिफंट', नंतर 'हर्मिस', १९८७ पासून 'विराट', आणि तीस वर्षांची सेवा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली, पुढे विसाव्या शतकात तिचे नाव 'फुद्रोयाँ' झाले, १९९२ मध्ये जुने नाव परत मिळाले, आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही पाण्यावर आहे. दोनशे वर्षे टिकली ती लाकडामुळे आणि हातांमुळे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. होडी पाण्यात लोटताना नाळेला हळद-कुंकू, हार, ओटी, नारळ हे आपल्याकडे आहेच. वसई-उत्तनकडे धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात. नाव बदलताना हीच पूजा पुन्हा करावी, मात्र क्रम चुकवू नये. आधी जुने नाव काढणे, मग रंग, रंग पूर्ण सुकल्यावर पूजा. ओल्या इनॅमलवर हळद-कुंकू लागले की तो डाग निघत नाही. फायबरच्या होडीच्या नाळेवर नारळ मुळीच फोडू नये. त्या माऱ्याने जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारख्या बारीक चिरा पडतात, तिथून पाणी आतल्या थरात शिरते आणि एक-दोन हंगामांत फोड येतात. नारळ शेजारच्या दगडावर वाढवावा आणि पाणी नाळेवर शिंपडावे. जुने नाव देवीचे असेल तर ते खरवडायला मन धजत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. खाली ताडपत्री पसरा, खरवडलेला रंग त्यात गोळा करा. देवीच्या नावावर पाय पडत नाही आणि रंगाचे विष वाळूत उतरत नाही.

काम बिघडते ते नाव काढताना. लाकडी होडीवर जुन्या अक्षरांवरून थेट नवा रंग मारतात. जुन्या ऑइल पेंटची कड उंच राहते, आणि रात्री गस्ती नौकेच्या सर्चलाइटच्या तिरक्या उजेडात दोन्ही नावे एकमेकांवर दिसतात. आधी खरवडून रंग खाली न्यावा, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर या क्रमाने मारावा, प्रायमरचा हात द्यावा आणि एकेक दिवसाच्या अंतराने इनॅमलचे दोन हात. अक्षरे कोरलेली असतील तर त्यात भिंतीची लांबी (पुट्टी) भरू नये, ती खाऱ्या पाण्यात फुगून गळते. इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भरावा. आणि हे सगळे मे महिन्यातच उरकावे. पावसात लाकूड ओल धरते, त्यावर मारलेला रंग बाहेरून सुकल्यासारखा दिसतो पण ऊन पडले की फोड धरतो.

फायबरच्या होडीवर बहुधा स्टिकर असतो. तो हीट गनने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने जरा कोमट करून कोपऱ्यातून सावकाश ओढावा. झटका दिला तर अर्धा निघतो, अर्धा चिकटून राहतो. उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुसावा. एवढे करूनही जुने नाव दिसतेच, कारण आजूबाजूचा जेलकोट उन्हाने फिका पडलेला असतो आणि अक्षरांखालचा ताजा राहिलेला असतो. त्यासाठी ८००, १००० आणि १२०० चा पेपर पाणी लावून फिरवावा, मग रबिंग कंपाउंड, मग वॅक्स. घाईने ८० नंबरचा पेपर लावू नये. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरच जाड असतो, तो गेला की खालचे काचतंतूंचे कापड उघडे पडते.

नवे नाव देवनागरीत तर लिहावेच, पण रोमन लिपीतही लिहावे. तटरक्षक दलाच्या जहाजावरचा माणूस तमिळ असेल किंवा पंजाबी. १० सेंटिमीटरचे अक्षर शंभर मीटरवरून जेमतेम वाचता येते, त्यामुळे जागा असेल तर १५-२० सेंटिमीटरचे काढावे, गडद रंगावर पांढरे किंवा पिवळे. नाव आखूड ठेवावे. होडीचे नाव व ठिकाण आसपासच्या जहाजांना आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रात नावाला फक्त २० जागा असतात आणि लांबलचक नावाची शेपूट तिथे कापली जाते. शिवाय व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर संकटाची हाक देताना नाव तीनदा उच्चारायचे असते, वाऱ्यापावसात. एकाच देवीच्या नावाच्या अनेक होड्या एकाच पाण्यात असतात, म्हणून हाकेत नावाबरोबर नोंदणी क्रमांकही सांगावा.

आता त्या खुणा, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. इस्रोचे डीएटी, म्हणजे संकटाची हाक पाठवणारे यंत्र, होडीवर असेल तर त्याचे बटण दाबल्यावर संदेश उपग्रहामार्फत बंगळूरुच्या नियंत्रण केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्राकडे जातो. तिथे दिसते ते यंत्राच्या नोंदीतले नाव आणि फोन नंबर. सौदा होऊन नाव बदलले पण नोंद जुनीच राहिली, तर फोन जुन्या मालकाला जाणार. तो घरी झोपेतून उठून सांगणार की होडी मी विकली. त्यातून नवा मालक शोधेपर्यंत समुद्रात माणसे वाट बघत असतात. शोध घेणारे विमान मग फळीवर नसलेले नाव शोधत राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमधून देशभर सुरू झालेल्या योजनेत एक लाख नौकांना ट्रान्सपॉन्डर (ठिकाण व संदेश उपग्रहामार्फत कळवणारे यंत्र) द्यायचे ठरले आहे. त्याच्या नोंदीलाही हेच लागू. एआयएसचा ४१९ ने सुरू होणारा नऊ अंकी क्रमांक अनेक यंत्रांत वापरणाऱ्याला एकदाच भरता येतो, त्यामुळे तिथे स्वतः खटपट न करता कागद घेऊन विक्रेत्याकडे जावे.

पाश्चात्त्य विधीचे एक सांगणे मात्र पूर्ण चुकीचे आहे. लॉगबुकातले आणि जुन्या कागदांतलेही नाव पांढऱ्या शाईने झाकायला ते सांगतात. तसे कधीही करू नये. इंजिनाच्या दुरुस्तीची वही, खरेदीखत, विम्याची पॉलिसी, बँकेचे तारण यांत जुने नाव जसेच्या तसे राहिले पाहिजे आणि नव्या कागदांवर 'पूर्वीचे नाव' असा उल्लेख हवा. होडीवरचा नोंदणी क्रमांक नाव बदलताना रंगाखाली जाऊ देऊ नये. कर्ज असेल तर आधी बँकेची ना-हरकत घ्यावी. नाव बदलल्याने देणी बुडत नाहीत. २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्याप्रमाणे खलाशांच्या थकलेल्या पगाराचा हक्क जहाजावरच बसतो, मालक आणि नाव कोणतेही असो. विकत घेणाऱ्याने याची चौकशी आधी करावी. मच्छीमार सोसायटीच्या नोंदीत एक नाव आणि परवान्यावर दुसरे असले की डिझेलवरच्या कराचा परतावा अडकतो, तो वेगळाच ताप.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत समुद्रदेवाची ती वही आता खरोखर अस्तित्वात आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी आयएमओ क्रमांक जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत बदलत नाही, आणि २००४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजावर अशी कागदपत्रे ठेवावी लागतात ज्यांत प्रत्येक जुने नाव, मालक आणि झेंडा क्रमाने लिहिलेला असतो. जगातले सर्वात लांब जहाज 'सीवाइज जायंट' पुढे 'हॅपी जायंट', 'यार्हे वायकिंग', 'नॉक नेव्हिस' झाले आणि शेवटी 'मॉन्ट' नावाने अलंगच्या किनाऱ्यावर तोडले गेले. तरी त्याची ओळख एका क्षणासाठीही हरवली नाही.

मासेमारी नौकांनाही हीच शिस्त मिळायला हवी. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवादी आले ते 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका पळवून. त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे आणि बंदरावरची तपासणी कडक झाली. म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला आमची विनंती आहे की नाव बदलण्याच्या अर्जासोबतच डीएटी, ट्रान्सपॉन्डर आणि विमा यांच्या नोंदी बदलल्याच्या पावत्या मागाव्यात, आणि दाखल्यावर जुने नाव ठळक छापावे. १ ऑगस्टला होड्या निघताना बंदरावरच्या पर्यवेक्षकांनी फक्त फळीवरचे नाव न पाहता लाइफबॉय आणि लाइफ जॅकेटवरचेही पाहावे. त्याला होडीमागे पाच मिनिटे लागतील. जुन्या नावाचा लाइफबॉय रंगवून घेणे हे तांडेलाचे, म्हणजे होडीच्या प्रमुखाचे, काम आहे, आणि ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत व्हायला हवे.

आपले,
होडीबांधणी व दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
जि. रायगड